पाऊण फेऱ्याचं टोपण

निलोफरने पेनं कातायच्या खरादाचं बटण बंद केलं, एबोनाइट रबराच्या भुशाने काळे झालेले हात ओढणीला पुसले आणि दीपक पोस्टमनच्या हातातलं कार्ड त्याच्या हातात असतानाच वाचायला लागली.

"अगं, घे तर आधी," दीपक म्हणाला. "मी काय परत घेऊन चाललोय?"

कार्डावर निळ्या शाईत, पट्टी लावून काढल्यासारख्या सरळ ओळी होत्या.

'निरीक्षण क्र. ४. पेनाचे टोपण पाऊण फेऱ्यात उघडते. इतकी घाई कशासाठी, हे समजले नाही. सभ्य पेनाचे टोपण उघडण्यास निदान तीन फेरे लागावेत. तेवढ्या अवधीत लिहिणाऱ्याला काय लिहायचे ते सुचते. कळावे. चु. सी. पाटील, नरडाणा.'

निलोफरचा चेहरा उतरला. मागच्या बाजूला तरी काही बरं सापडेल म्हणून तिने कार्ड उलटून पाहिलं. मागे फक्त नेहमीचा पत्ता होता: श्री. हनीफ अहमद, पेन कारागीर, पाच कंदील, धुळे.

"सभ्य पेन म्हणे! अब्बा, माझं पेन काय शिव्या देतं का लोकांना?"

हनीफभाई डोळ्याला भिंग लावून कुणाची तरी वाकडी झालेली निब सरळ करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "अजून सतरा कार्डं यायची आहेत. आत्तापासून भांडू नकोस."

घरी ही बापलेक हिंदी-उर्दूत बोलायची, पण दुकानाची पायरी चढली की दोघं मराठीवर यायची. गिऱ्हाईक समोर असताना त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम होता. नियम तसे फार नव्हते; पण जे होते ते हनीफभाईंच्या वडिलांपासून चालत आलेले, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्यातला सगळ्यात मोठा नियम चुडामण नानांचा. नवीन घडणीचं शाईपेन काचेच्या कपाटात ठेवण्याआधी नानांकडे जायचं. नाना पूर्वी धुळ्याच्या पोस्टात कारकून होते आणि दुपारच्या सुट्टीत दुकानात येऊन पेनं हाताळत बसायचे. पुढे ते पोस्टमास्तर झाले, निवृत्त झाले, नरडाण्याला घर बांधून राहिले, पण पेन तपासायचं काम काही त्यांनी सोडलं नाही. पद्धतही त्यांनीच ठरवलेली. एकवीस दिवस त्याच पेनाने रोज एक पोस्टकार्ड लिहायचं आणि दुकानाच्या पत्त्यावर टाकायचं. एकविसाव्या कार्डावर निकाल यायचा, आणि निकालाचे शब्दही ठरलेले होते: 'रोजच्या वापरास योग्य.' पेन कोणी बनवलं हे नानांना कळवायचं नाही. मध्येच त्यांना काही विचारायचंही नाही. नानांकडे मोबाइल होता, पण हनीफभाईंच्या मते तपासणाऱ्याला मध्येच फोन करणं म्हणजे परीक्षकाच्या घरी पेढे घेऊन जाणं.

हनीफभाईंचं स्वतःचं एकविसावं कार्ड गल्ल्याच्या खणात काचेखाली होतं. वीस वर्षांच्या हनीफला आलेलं ते कार्ड आता पिवळं पडलं होतं, पण अजूनही ते कधीमधी खण उघडून त्याच्याकडे पाहत आणि पुन्हा बंद करत.

निलोफरला तसंच कार्ड हवं होतं. तिने आयटीआयला टर्नरचा कोर्स केला होता, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. तीन वर्षं झाली ती दुकानात वडिलांच्या पेनांना भोकं पाडत होती, आटे काढत होती, पाण्याखाली घासून चकाकी आणत होती. पण कच्च्या कांडीपासून निबेपर्यंत सगळं तिच्या हातचं, असं हे पहिलंच पेन. ते पास झालं तर टोपणावर तिचं नाव कोरायचं, हा हनीफभाईंचा शब्द होता. नाही झालं तर आणखी एक वर्ष घासकाम, हाही त्यांचाच. टोपणावरच्या त्या नावासाठी तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पेन तिने मुद्दामच वेगळं केलं होतं. जाडजूड, काळंभोर. एक बाजू थोडी सपाट, म्हणजे टेबलावरून गडगडणार नाही. आणि टोपणाचे आटे रुंद, म्हणजे एक झटका दिला की टोपण सुटावं. तिला स्वतःला टोपण फिरवत बसायचा भारी कंटाळा. हनीफभाईंच्या पेनाचं टोपण निघेपर्यंत गिऱ्हाइकाचं नाव विसरायला होतं, असं ती म्हणायची. ते ऐकून हनीफभाई हसत आणि पुढचं पेन पुन्हा चार फेऱ्यांचंच करत.

कार्डं येत राहिली. रविवारी टपाल नसायचं, म्हणून सोमवारी दोन यायची.

'निरीक्षण क्र. ६. पेन एका बाजूने सपाट आहे. अंगठा आपोआप तेथेच जातो. पेनाने माणसाला शिकवावे काय, याबद्दल मत राखून ठेवतो.'

'निरीक्षण क्र. ७. शाईचा प्रवाह समाधानकारक. निबेची जीभ नीट बसवलेली आहे. जोडाक्षरे अडत नाहीत. "शुश्रूषा" हा शब्द अकरा वेळा लिहून पाहिला.'

हे वाचून निलोफरने दुकानात गिरकी घेतली आणि तिचा कोपर लागून शाईच्या तीन बाटल्या लवंडल्या. नशीब बुचं घट्ट होती.

'निरीक्षण क्र. ९. टोपणावर पिठाचा डाग आढळला. सदर डागाचा पेनाच्या घडणीशी संबंध नाही.'

"पिठाचा?" निलोफर म्हणाली. "नाना गिरणीत बसून लिहितात का?"

"भाकरी खाताना लिहीत असतील," हनीफभाई म्हणाले. पण नाना जेवताना पेनाला हात लावणाऱ्यातले नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं.

बारावं कार्ड सगळ्यात छोटं होतं. 'निरीक्षण क्र. १२. आज निरीक्षण नाही.' बस, एवढंच. सहीसुद्धा घाईत केलेली.

त्यानंतर कार्डच आलं नाही.

पहिल्या दिवशी निलोफरने टपालाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी दीपकला. तिसऱ्या दिवशी दीपक समोरच्या बोळातून जाताना दिसला, त्याने लांबूनच दोन्ही हात हलवून काही नसल्याची खूण केली. चौथा, पाचवा, सहावा दिवस तसाच गेला. खराद चालू असायचा, पण तिच्या हातून दोन कांड्या वाया गेल्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी दुकान आवरताना हनीफभाईंनी तिला समोर बसवलं.

"तुला एक सांगायचंय. माझंही एक पेन असंच गेलं होतं."

"तुमचं?"

"तीस-बत्तीस वर्षं झाली. हिरव्या कांडीचं होतं, काळ्या लाटा असलेलं. त्याच्याइतकं देखणं पेन मी पुन्हा केलं नाही. नऊ कार्डं आली आणि थांबली. तुझे आजोबा म्हणाले, नाना कुणाला वाईट लिहीत नाहीत. नाही आवडलं की गप्प बसतात. समजून घ्यायचं."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"विचारतात का असं?" हनीफभाईंनी खण उघडला, पिवळ्या कार्डाकडे पाहिलं, बंद केला. "पेनही परत आलं नाही. उरलेली हिरवी कांडी मी माळ्यावर टाकून दिली. तू मन लहान करू नकोस. आपण नवीन करू. जरा बारीक आट्यांचं."

निलोफरने मान हलवली, पण तिला वडिलांचाच राग आला. तीस वर्षं माणूस एक प्रश्न पोटात घेऊन बसतो आणि त्याला अदब म्हणतो! आपल्याच्याने हे होणार नाही, हे तिला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अब्बा, सोनगीरला जाऊन येते. पितळी क्लिपांचं बघायचंय."

हनीफभाईंनी भिंगातून तिच्याकडे पाहिलं. भिंगातला त्यांचा डोळा फार मोठा दिसत होता.

"पाण्याची बाटली घे," ते म्हणाले. "सोनगीरच्या पुढेही ऊन असतंच."

शिरपूरच्या एसटीत खिडकीशी बसून निलोफर हे वाक्य तीन वेळा मनात घोळवत राहिली. सोनगीर आलं, गेलं. कंडक्टरला तिने तिकीट नरडाण्याचंच मागितलं होतं.

नानांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पोस्टमास्तर म्हटल्यावर पहिल्याच माणसाने बोट दाखवलं. ओट्यावर आरामखुर्चीत पांढराशुभ्र सदरा घातलेले चुडामण नाना वर्तमानपत्र वाचत बसले होते. निलोफरने आपण कोण हे सांगताच ते ताडकन उभे राहिले. वर्तमानपत्र खाली पडलं, ते उचलताना चष्मा पडला.

"हनीफने पाठवलं?"

"नाही नाना. त्यांना वाटतं मी सोनगीरला आहे." मग ती प्रामाणिकपणे म्हणाली, "म्हणजे, तसं वाटत नाहीच त्यांना."

"बस. ऊन फार आहे. पाणी..." नानांनी आत पाहिलं, पण हाक मारली नाही. उलट आवाज खाली आणला. "तपासणी चालू आहे. थोडा विलंब झाला. प्रशासकीय अडचण."

"पेन वाईट आहे का, नाना? असेल तर सरळ सांगा. मी रडणार नाही."

हे म्हणताना तिचा आवाज कापला. चाळीस-बेचाळीस वर्षांत कुणी त्यांना तोंडावर असं विचारलं नव्हतं.

"वाईट?" ते म्हणाले. "वाईट कोण म्हणालं?"

"मग बघू देता का मला? एकदाच."

"ते आता माझ्या ताब्यात नाही," नाना पुटपुटले आणि त्यांची मान खाली गेली. पोस्टाची थैली हरवलेल्या माणसाने साहेबापुढे उभं राहावं, तसे ते उभे होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोन उनं वो?"

दारात नानांच्या पत्नी झुंबरबाई आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, उजवा हात कोपरापर्यंत पिठाने माखलेला. आणि त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यात, फुलांची वेणी माळावी तसं आडवं खोचलेलं, जाडजूड काळंभोर पेन.

निलोफर बघतच राहिली. आपलं पेन तिने कुठेही ओळखलं असतं, पण या जागी बघायची तयारी नव्हती.

"धुळ्याची मुलगी आहे. हनीफची," नाना म्हणाले. "पेनासाठी आली आहे."

झुंबरबाईंचा डावा हात लगेच अंबाड्याकडे गेला. "मी काही देवाव नही," त्या म्हणाल्या.

"अगं, ते तपासणीचं पेन शे!"

"मंग मी तपासीच राहिनू ना!"

निलोफरला हसू फुटलं. खूप दिवसांनी पोटातून आलेलं हसू होतं ते, आवरेचना. झुंबरबाईंनी आधी संशयाने पाहिलं, मग त्याही हसल्या, आणि तिला हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिच्या मनगटावर पिठाची चार बोटं उमटली.

ओट्याजवळ परात होती, परातीत अर्धं मळलेलं पीठ, आणि परातीच्या शेजारी जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून केलेली वही. वहीचं पान निळ्या, मोठ्या, गोल अक्षरांनी भरलेलं होतं. ओळींवर ठिकठिकाणी पीठ सांडलं होतं.

"गाना शेतस," झुंबरबाई म्हणाल्या. "आखाजीना. झोकावरना. मनी माय म्हने, मी म्हनू. आते कोनले येतस? मनी आंडेर उषा उधनाले ऱ्हास, ती फोनवर म्हनस, माय, लिखी ठेव. पन गानं काय बोलावं तवय येस का? हात पीठमा ऱ्हास तवयच येस."

निलोफरला अहिराणी बोलता येत नसली तरी दुकानातल्या गिऱ्हाइकांमुळे कळत सगळी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून गातात ती गाणी; उधन्याला राहणारी लेक उषा फोनवर ती लिहून ठेवायला सांगायची. भाकरी थापताना झुंबरबाईंना त्यातली एखादी ओळ आठवायची, हात धुऊन कोरडे करून पेन शोधेपर्यंत ती निसटून जायची. कितीतरी वर्षं अशीच गेली.

"ह्यासना पेन शेतस कितला! पन एकबी हातले गावाव नही. तपासनीनं शे, हात लावू नको. आनि टोपन बी कसं! फिरव, फिरव, फिरव. तीन फेरा फिरावस तवपावत गानं पयी जास." त्यांनी डाव्या हाताने अंबाड्यातून पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि मनगटाला एक झटका दिला. टोपण सुटलं. "हाई पाय! एक हात पीठमा, एक हात पेनवर. गानं सापडनंच!"

निलोफरने न राहवून विचारलं, "अक्का, केसांत गळत नाही ना?"

झुंबरबाईंनी मान खाली करून अंबाडा तिच्यासमोर धरला. पांढऱ्या केसांत निळ्याचा एक ठिपका नव्हता.

"आनि ओटावरथून पडत बी नही. एक बाजू बसेल शे ना." त्यांनी पेन ओट्यावर आडवं ठेवून बोटाने ढकललं. ते जागचं हललं नाही. "कोनी बनाडं वो हाई?"

"मी," निलोफर म्हणाली.

दाराशी नाना उभे होते. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तू? एकटीने?"

"हो नाना. सांगायचं नव्हतं, नियम आहे. पण आता काय..."

नानांनी चष्मा पुन्हा चढवला. मग पोस्टमास्तरच्या सुरात म्हणाले, "पेन माझ्या हातात नसेल, तर त्या पेनाने लिहिलेलं कार्ड मी कसं पाठवू? आणि दुसऱ्या पेनाने लिहिलं तर ती फसवणूक झाली. बाराव्या दिवसापर्यंत मागून घेतलं. तेराव्या दिवशी हिने दिलं नाही. एवढ्या वर्षांत असं..."

"पयलीच येळ नही काही," झुंबरबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी पुन्हा पिठात हात घातला होता. "ते हिरवं पेन! उषानी नेलं ना ते? कॉलेजले जाताना खिसामा घालीसन गई ती गईच. आजून उधनाले तेच वापरस. तवयबी ह्या असाच तोंड पाडीसन बसनात, कार्ड टाकं नही."

निलोफर उभ्या जागी थिजली.

"काळ्या लाटांचं? हिरवं?"

"हा, हा. काय सुंदर पेन व्हतं!"

निलोफरने नानांकडे पाहिलं. नाना दुसरीकडे पाहत होते. तपासणीला आलेलं पेन घरातून गहाळ झालं हे लिहायची पोस्टमास्तरांना लाज वाटली, आणि का थांबलं हे विचारायची कारागिराला. दोन भल्या माणसांची सभ्यता, आणि तिच्यापायी एक हिरवी कांडी तीस वर्षं माळ्यावर. निलोफरला हसावं की नानांना चार शब्द सुनवावेत ते कळेना. शेवटी ती फक्त म्हणाली, "नाना, अब्बांना अजूनही वाटतं, ते नापास झालं."

नाना खाली बसले. चौरंगावर, परातीशेजारी, जिथे ते एरवी कधी बसले नसतील.

"नापास?" ते म्हणाले. "अगं, त्या पेनाला नऊ दिवसांत मला एक दोष सापडला नव्हता. दहाव्या दिवशी लिहायला बसलो, तर पेनच नाही."

झुंबरबाईंनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गरम भाकरी, ठेचा, वर तुपाची धार. जेवताना एक ओळ आठवली म्हणून त्या मध्येच उठल्या, डाव्या हाताने टोपण सोडवून ती लिहिली आणि मग ती ओळ गुणगुणत तिला वाढलं. निलोफरने पेन परत मागितलं नाही. निघताना नाना एसटीपर्यंत सोडायला आले, छत्री तिच्या डोक्यावर धरून.

"माझ्यासाठी एक बनवशील?" एसटी दिसल्यावर ते म्हणाले. "तीन फेऱ्यांचं. मला सुचायला वेळ लागतो."

धुळ्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. हनीफभाई खरादाजवळ हातावर हात ठेवून बसले होते, हे फार क्वचित दिसायचं.

"मिळाल्या क्लिपा?"

निलोफर त्यांच्या समोर बसली आणि सगळं सांगितलं. पिठाचे हात, अंबाडा, पाठकोऱ्या पानांची वही, गाणी. हनीफभाई हसले, मान हलवत राहिले. मग तिने उधन्याच्या हिरव्या पेनाचं सांगितलं.

ते हसायचे थांबले.

"अजून लिहितं?"

"अजून लिहितं. नऊ दिवसांत एक दोष सापडला नव्हता म्हणाले नाना."

हनीफभाईंनी भिंग काढून ठेवलं. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "या अल्ला," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "या अल्ला!" मग एकाएकी उठून त्यांनी शिडी लावली आणि या वयात माळ्यावर चढू नका असं ती ओरडत असताना माळ्यावर चढले.

पुढचे पाच दिवस त्यांनी तिला खरादाला हात लावू दिला नाही, नुसतं घासकाम दिलं. संध्याकाळी ती घरी गेल्यावरही ते दुकानात थांबत. काय चाललंय विचारलं की म्हणत, "गिऱ्हाइकाचं आहे."

सहाव्या दिवशी दीपक आला. दारातच थांबून त्याने हातातलं कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"कुमारी निलोफर हनीफ अहमद, पेन कारागीर," त्याने मोठ्याने वाचलं. "नवीन नाव दिसतंय. या पत्त्यावर असं कुणी राहतं का? ओळख पटल्याशिवाय मला देता येणार नाही."

निलोफरने काळे झालेले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात निळी, मोठी, गोल अक्षरं होती. 'पेन भलतं चांगलं शे. वापस देवाव नही. झुंबरबाई.' आणि त्याखाली, त्याच शाईत, पट्टी लावल्यासारख्या बारीक ओळी:

'निरीक्षण क्र. १३ ते २१ (एकत्रित). वरील मजकुराशी सहमत. पेन या ओळी लिहिण्यापुरते मिळाले आहे. रोजच्या वापरास योग्य. चु. सी. पाटील.'

निलोफरने ते वडिलांच्या हातात दिलं. हनीफभाईंनी दोनदा वाचलं, खण उघडला, काच उचलली आणि आपलं पिवळं कार्ड थोडं बाजूला सरकवून तिचं त्याच्या शेजारी ठेवलं. दोघांना पुरेल इतकी जागा होती.

"टोपण आण," ते म्हणाले. "नाव कोरायला घेऊ."

"टोपण अक्कांच्या अंबाड्यात आहे, अब्बा."

"मग नानांचं पेन बनव आणि त्यावर कोर. तीन फेऱ्यांच्या." आणि जरा घुटमळून, खिशातून काहीतरी काढत ते म्हणाले, "हे तेवढं उद्याच्या टपालात टाक. पण या खेपेला पत्ता अक्कांच्या नावाने घाल."

हिरवं पेन होतं, काळ्या लाटांचं. निलोफरने ते उजेडात धरलं. तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या कांडीतून असा रंग निघेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. मग सवयीने तिने टोपणाला एक झटका दिला.

ते पाऊण फेऱ्यात सुटलं.

तिने वडिलांकडे पाहिलं. हनीफभाईंनी भिंग डोळ्याला लावलं होतं आणि समोर कुठलीही निब नसताना ते फार बारकाईने काहीतरी तपासत होते.